इनबॉक्स रिकामा, फाईल भरलेली!

मैत्रिणींनो, ‘विंडोज एक्सपी’वरचं ‘आउटलुक एक्स्प्रेस’ आठवतंय? परदेशी गेलेल्या लेकरांची पत्रं त्यातच यायची. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी परवा जुना कॉम्प्युटर लावला, तर इनबॉक्स रिकामा! लेकाची २००४ पासूनची सगळी पत्रं त्यात. दुरुस्तीवाला म्हणे, ‘फॉरमॅट मारू.’ म्हटलं, हात लावू नका!

या प्रोग्रॅमात एकेका फोल्डरची सगळी पत्रं एकाच ‘डीबीएक्स’ फाईलमध्ये असतात. ती बिघडली की फोल्डर रिकामं दिसतं, पत्रं मात्र बहुधा आतच असतात. ‘आयडेंटिटीज’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये आमची फाईल सापडली. आकार ३०० एमबी! रिकाम्या डब्याला एवढं वजन कुठलं? आधी पेनड्राइव्हवर प्रत घेतली. मग प्रोग्रॅम बंद करून मूळ फाईलचं नाव बदललं. पुन्हा उघडल्यावर नवा इनबॉक्स आपोआप तयार झाला, त्यात प्रतीतली पत्रं ‘इंपोर्ट’ केली. दोन-चार गेली, बाकी आली.

मध्येच ‘कॉम्पॅक्ट करू का?’ असं विचारलं, तर प्रत घेईपर्यंत ‘नाही’च म्हणा. खोडलेली पत्रंही तोवर फाईलमध्ये पडून असतात, नंतर जातात. कुणी ते करून बसलंच असेल, तर रिसायकल बिन साफ करू नका. सर्व्हिस पॅक २ असलेल्या एक्सपीत जुन्या फाईलची ‘बीएके’ प्रत तिथे टाकलेली असते.