औषधांची वाट – लेखांक ५ : गोदाम भरलेले, पुढे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये काढली. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली. तिच्या २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत. औषध यादीत आले आणि गोदामात पोचले, की काम झाले असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे, की खरे काम बाह्यरुग्ण विभागातल्या औषधांच्या खिडकीवर होते किंवा फसते, आणि त्याची मोजदाद आपण करत नाही.

कुंभकोणमचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तिथे पुरवठ्याची बाजू भक्कम आहे. तंजावरच्या मराठा राजवटीतले हे गाव. सरफोजी राजांनी तंजावरात धन्वंतरी महाल उभारून औषधांचा अभ्यास चालवला, तोच हा मुलूख. आज इथल्या सरकारी रुग्णालयाला औषधे येतात ती १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाकडून. महामंडळाने पासबुकाची पद्धत रुजवली: रुग्णालयाच्या नावे वर्षाची रक्कम जमा, आणि जिल्हा गोदामातून जे उचलाल त्याची किंमत त्यातून वजा. काय आणि किती हवे, हे रुग्णालयानेच सांगायचे. सरकारी औषध हलके असते, हा आक्षेप नेहमीचा. पण इथे गोदामात आलेल्या प्रत्येक बॅचचे नमुने कंपनीचे नाव झाकून प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल आल्याशिवाय माल बाहेर पडत नाही. खासगी दुकानातल्या किती पट्ट्यांबद्दल असे सांगता येईल? छोट्या यादीने डॉक्टरांचे हात बांधले जातात, असेही म्हणतात. नेहमीच्या आजारांना लागणारी औषधे यादीत असतातच. अपवादासाठी स्थानिक खरेदीची सोय ठेवलेली असते.

आता खिडकीवर या. मधुमेहाच्या रुग्णाला मेटफॉर्मिन मिळते. ते जेवणासोबत घ्यायचे, हे कुणी सांगितले नाही तर तो उपाशीपोटी घेतो, पोट बिघडते आणि गोळी आपणहून बंद करतो. पट्टी कापून दिली, की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख बरेचदा उरलेल्या तुकड्यावर राहून जाते. हातात येतात त्या बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या. रक्तदाबाची कोणती नि साखरेची कोणती, हे घरी कोण सांगणार? यादी, निविदा, तपासणी, सगळे चोख होऊनही उपचार इथे अडतो.

यावर उत्तर ठरलेले: रांग एवढी मोठी, बोलायला वेळ कुठला? अडचण खरी आहे, आणि औषधनिर्मात्याला दोष देऊन ती सुटणार नाही. पण छोट्या यादीचा खरा फायदा इथेच घेता येतो. औषधे मोजकी आणि तीच ती असली, तर प्रत्येकाच्या सूचना स्थानिक भाषेत आधीच छापून पाकिटे तयार ठेवता येतात. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राची चित्रे पुरतात. दरमहा त्याच गोळ्या नेणाऱ्यांची खिडकी वेगळी केली, की नव्या रुग्णाशी बोलायला थोडी उसंत मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९३ च्या मार्गदर्शिकेत यासाठी साधे निर्देशांक आहेत: औषध देताना किती वेळ दिला, पाकिटावर नीट लिहिले का, रुग्णाला मात्रा कळली का. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले. त्याच्या कामाचा हिशेब मांडताना खरेदीच्या रकमेशेजारी या तीन प्रश्नांची उत्तरेही छापावीत, दर रुग्णालयाची वेगवेगळी.