मलंगगडाची वहिवाट

शियांच्या ‘सहीफा सज्जादिया’ या प्रार्थनाग्रंथाच्या पाठपरंपरेत 516 हिजरीच्या, म्हणजे इ.स. 1122 च्या नोंदीत मुहम्मद इब्न शहरियार हे नाव येते. तो विद्वान होता, पण त्याचे बिरुद ‘खाजिन’, म्हणजे हजरत अलींच्या नजफमधील दर्ग्याचा खजिनदार. पुढे करबलात तर एका घराण्याचे आडनावच ‘किलीददार’ झाले. किल्ली ज्याच्या हाती, तो मालक नव्हे, राखणदार. हे तत्त्व पारखायला नवी मुंबईकरांना इराकला जायला नको. तळोज्याच्या ईशान्येला मलंगगड उभा आहे.

तिथला पीर हाजी मलंग सुफी. हिंदू भाविक त्याच जागी मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. माझी तुलना पंथांची नाही, पदाची आहे. 1882 च्या ठाणे गॅझेटियरनुसार 1780 मध्ये आलेले इंग्रज दोन वर्षांनी गेले ते पिराच्याच प्रभावामुळे, असे मानून पेशव्यांनी कल्याणच्या काशीनाथपंत केतकरांबरोबर मोत्यांची किनार असलेला जरीचा गलेफ पाठवला. पंतांनी कबरीची दुरुस्ती केली आणि व्यवस्था पाहू लागले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी सेवा, मग अधिकार. दर्ग्याची व्यवस्था ब्राह्मणाकडे कशी, असा आक्षेप कल्याणच्या मुसलमानांनी घेतला. तो अनाठायी नव्हता. स्वतःच्या श्रद्धास्थानाची काळजी कोणालाही वाटणारच. 1817 मध्ये पिराचीच इच्छा जाणण्यासाठी तीनदा चिठ्ठ्या टाकल्या आणि तिन्ही वेळा कौल पंतांच्या प्रतिनिधीला मिळाला. चमत्कार मानू नका हवे तर. पण ज्या निवाड्यापुढे दोन्ही बाजू मान तुकवतील असा निवाडा त्या माणसांनी शोधला, हे खरे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वंशपरंपरेने सेवेची मिरास होते, आणि दानपेटीवर एकाच घराचा हात राहतो. हे घडू शकते, म्हणूनच हिशेब आणि देखरेख हवीच. पण त्यासाठी जागेवर एकाच धर्माची पाटी लावणे हा उपाय नव्हे. 1950 च्या दशकात केतकर घराण्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्थान संमिश्र मानले: त्याला ना हिंदू कायदा लागू, ना मुस्लिम, लागू होते ती त्याची स्वतःची प्रथा किंवा विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदा. गडावरून पुन्हा वाद पेटेल, तेव्हा घोषणा देण्याआधी हा निकाल एकदा वाचा.