भिंती आपल्या, जमीन कुणाची?

मुंबईत जुना फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब काय काय विचारतं, हे कुठल्याही इस्टेट एजंटला तोंडपाठ असतं. पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स किती, पार्किंग मिळेल का, स्टेशन चालत किती मिनिटं. थोडे जाणकार असले तर टेप लावून कार्पेट किती भरतं ते बघतात. मग भाव ठरतो, टोकन दिलं जातं, कर्जासाठी बँकेचा वकील कागद चाळतो आणि महिना-दोन महिन्यांत किल्ली हातात येते. ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती आज कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न या साऱ्या धावपळीत क्वचितच निघतो. निघालाच, तर उत्तर ठरलेलं असतं: कन्व्हेयन्स बाकी आहे, पण ते सगळीकडेच बाकी असतं.

आयुष्यभराची कमाई ओतणारा माणूस या उत्तरावर समाधान मानतो, याचं मला फार वाईट वाटतं. कारण मुंबईतल्या घराच्या किमतीत विटा-सिमेंटचा वाटा थोडा आणि जमिनीचा मोठा असतो. पैसे आपण दोन्हींचे मोजतो आणि हातात पडतात त्या भिंती.

सुरुवात अशी नव्हती. 1912 साली सहकारी संस्थांचा नवा कायदा आला आणि श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. कानडा मुलखातून नोकरीसाठी मुंबईत आलेली ही सारस्वत कुटुंबं. त्यांनी आधी संस्था काढली, मग घरं झाली, आणि सभासद त्या घरांत संस्थेचे भाडेकरू आणि भागीदार अशा दुहेरी नात्याने राहू लागले. घर बांधून विकणारा बिल्डर मध्ये नव्हताच.

पण ही वाट मूठभरांची. बाकी मुंबई भाड्याने राहत होती. दुसऱ्या महायुद्धात भाडी भडकू नयेत म्हणून निर्बंध आले आणि 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. गिरणीतल्या आणि हपिसातल्या माणसाला त्या घडीला याची गरज होती, यात वाद नाही. मात्र तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदत वाढवत वाढवत अर्धं शतक चालला. मिळणाऱ्या भाड्यात गच्चीची गळतीही थांबेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली आणि पागडी रुजली. खोली सोडणारा भाडेकरू नव्याकडून बाजारभावाने रक्कम घेई, मालक त्यातला साधारण तिसरा हिस्सा घेऊन पावती नव्या नावाने फाडून देई. विकली जात होती ती पावती. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद अन्यायकारक ठरवली, त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली आणि पागडीलाही कायद्याची मान्यता मिळाली. तोवर दक्षिण मुंबईतल्या चाळी आणि इमारती इतक्या खिळखिळ्या झाल्या होत्या, की त्यांच्या दुरुस्तीसाठी 1969 सालीच उपकर लावून वेगळं मंडळ नेमावं लागलं होतं. त्या यादीत 19,642 इमारती होत्या.

भाडी गोठलेल्या त्या सुरुवातीच्या वर्षांतच भाड्यासाठी बांधण्यात राम उरला नाही, तेव्हा पैसेवाला माणूस विकण्यासाठी बांधू लागला. ओनरशिप फ्लॅट हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी बसला तो याच काळात. त्याबरोबर तक्रारीही आल्या: पैसे घेऊन काम थांबवलं, नकाशा बदलला, तोच फ्लॅट दोघांना विकला. सरकारने समिती नेमली, 1961 च्या जून महिन्यात तिचा अहवाल आला आणि 1963 साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. सगळे त्याला मोफा म्हणतात.

हा कायदा आज वाचला तरी त्याच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटतं. किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा. पुरेसे ग्राहक झाले की त्यांची सोसायटी स्थापन करून द्यायची. आणि सोसायटी झाल्यावर, करारात वेगळी मुदत नसेल तर नियमांप्रमाणे 4 महिन्यांत जमीन आणि इमारत दोन्हींचं अभिहस्तांतरण, म्हणजे आपल्या बोलीतला कन्व्हेयन्स, तिच्या नावे करून द्यायचा. कसूर झाली तर तुरुंगवासाचीही तरतूद. गावदेवीच्या मंडळींनी ज्या संस्थेपासून सुरुवात केली, तिथे फ्लॅटधारक निदान शेवटी तरी पोचावा, असा हा बेत होता. पहिले दोन टप्पे बहुतेकांनी पार पाडले. तिसऱ्यावर गाडी अडली, ती कित्येक ठिकाणी पन्नास-पन्नास वर्षं.

याचं कारण पाहायचं तर व्यवहाराची बांधणी पाहावी लागते. उपनगरांतली बरीचशी जमीन बिल्डरने स्वतः विकत घेतलेलीच नव्हती. मूळ मालकाशी विकास करारनामा, सोबत कुलमुखत्यारपत्र, आणि त्या बळावर बांधकाम आणि विक्री. कन्व्हेयन्सवर मूळ मालकाचीही सही लागते. त्याचे पैसे बिल्डरने थकवले असतील तर तो सही करत नाही. तो वारला तर वारसांना शोधायचं, त्यांच्यात दावा चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबायचं. बिल्डरची भागीदारी मोडलेली असते, पत्ता बदललेला असतो. फ्लॅटधारकाला मात्र वीस-पंचवीस वर्षं काहीच अडत नाही. घर विकता येतं, कर्ज मिळतं, मालमत्ता कर तो भरतच असतो, मग सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो.

आणि यात नुसता आळस नव्हता, स्वार्थही होता. 1000 चौरस मीटरचा भूखंड घ्या. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, 1 असताना त्यावर साधारण 10,764 चौरस फूट बांधता येत होतं आणि बिल्डरने ते बांधून विकलं. मग 1991 ची विकास नियंत्रण नियमावली आली. तिने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणला आणि उपनगरात त्याच भूखंडावर जवळजवळ तेवढंच बांधकाम आणखी चढवण्याची वाट मोकळी झाली. 2012 साली प्रीमियम भरून निवासी इमारतीला 35 टक्के जादा क्षेत्र मिळू लागलं. 2034 च्या आराखड्याची नियमावली 2018 मध्ये आली, तिने गणित पुन्हा वाढवलं. प्रत्येक नियमबदलागणिक रिकाम्या आकाशाचा भाव वाढत गेला, आणि ते आकाश कागदोपत्री ज्याच्या नावे जमीन त्याचं. सही लांबवणाऱ्याला लांबवण्याचं बक्षीसच मिळत होतं. कायद्याने मुदत घातली, पण नगरनियोजनाच्या नियमांनी ती मोडण्यात फायदा ठेवला. माझ्या मते मोफाच्या अपयशाचं मूळ इथे आहे.

हे सारं दिसतं ते एका कागदावर. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढावं. आता ते महाभूमीच्या संकेतस्थळावरूनही मिळतं. वर सिटीएस नंबर आणि चौरस मीटरमध्ये क्षेत्र. मग धारणाधिकाराचा रकाना: जमीन खासगी, की शासनाची, की भाडेपट्ट्याची, हे त्यात कळतं. त्याखाली धारकाचं नाव आणि मग तारीखवार फेरफार. इमारत सत्तरच्या दशकातली, माणसं दोन पिढ्या राहिलेली, आणि धारकाच्या रकान्यात त्यातल्या कुणाचंच किंवा सोसायटीचंही नाव नाही. तिथे एखादा केव्हाच वारलेला जमीनमालक, त्याखाली वारसनोंदीने लागलेली मुलं, एखादी लग्न होऊन परगावी गेलेली मुलगी. सोसायटीच्या लोखंडी कपाटात बंद असलेल्या शेअर सर्टिफिकेटांना या पत्रिकेवर जागा नसते. घर घेताना हा कागद मागायला खर्च नगण्य येतो. मागणारे विरळा.

2008 साली सरकारने मोफात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरण आणलं. बिल्डर किंवा मालक सही देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. समोरच्याला नोटीस जाते, सुनावणी होते आणि 6 महिन्यांच्या आत निर्णय देणं कायद्याने बंधनकारक आहे. आदेश मिळाला की दस्त एकतर्फी नोंदवता येतो. लाखो फ्लॅटधारकांच्या बाजूचा हा फार मोठा बदल आहे. इतक्या सोसायट्यांनी अजून तो अर्ज केलेला नाही, ही खंत आहे.

अडचणी खऱ्या आहेत, त्याही सांगायला हव्यात. प्रत्येक फ्लॅटचा मूळ करार लागतो आणि त्यावर रीतसर मुद्रांक शुल्क भरलेलं असावं लागतं. ज्या करारात ताबा द्यायचा आहे, त्यावर विक्रीखताइतकंच शुल्क 10 डिसेंबर 1985 पासून लागू झालं. त्यानंतरही अनेकांनी जुन्या सवयीने किरकोळ मुद्रांकावर करार उरकले. तिसऱ्या हाताने घर घेणाऱ्याला पहिल्या दोघांच्या कागदांतली ही उणीव भोगावी लागते. अशा थकलेल्या शुल्कासाठी सरकारने डिसेंबर 2023 पासून अभय योजना राबवली, 1980 ते 2020 मधल्या दस्तांना तिचा लाभ होता. सोसायटीच्या कमिटीने तेव्हा घरोघर जाऊन फायली गोळा केल्या असतील, तर ती सोसायटी शहाणी.

भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे ओसीचा, पेच याहून जड. वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडचं उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. महापालिकेने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर ऐंशीच्या दशकात इमारती उठल्या, मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढले, फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले आणि जून 2014 मध्ये महापालिकेने तिथली वीज आणि गॅस तोडला. तिथल्या रहिवाशांकडे करार होते, बँकेची कर्जं होती, तीस-तीस वर्षांचा वावर होता. जे मंजूरच नव्हतं त्याला यातलं काहीच तारू शकलं नाही. म्हणून ओसी नसलेल्या इमारतीतलं घर पाच-दहा लाखांनी स्वस्त मिळतंय, असं कुणी सांगितलं तर ती स्वस्ताई नाही, जोखमीची किंमत आहे.

आता व्यवहाराच्या दिवसाकडे येऊ. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासह 6 टक्के, घर बाईच्या नावे असेल तर 1 टक्का सवलत, नोंदणी शुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये. व्यवहार 50 लाखांचा किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापायचा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा, दर करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क रेडी रेकनरवर. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन नंबर येईपर्यंत बाकड्यावर बसायचं, मग अंगठे, फोटो, साक्षीदारांच्या सह्या, आणि शेवटी हातात पडतो तो इंडेक्स टू. सोसायटीला हस्तांतरणासाठी 25,000 रुपयांहून जास्त प्रीमियम घेता येत नाही. 'डोनेशन' म्हणून लाखाची मागणी होत असेल तर ती बेकायदा आहे आणि ती देऊ नये. स्टिल्ट पार्किंगचंही तसंच. ते स्वतंत्रपणे विकण्याचा हक्क बिल्डरला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. पण इंडेक्स टू म्हणजे करार नोंदला गेल्याची खूण. जमिनीच्या हक्काबद्दल तो काही सांगत नाही.

नवीन बांधकामांसाठी 2016 चा रेरा कायदा आला आणि 1 मे 2017 पासून महारेराचं, म्हणजे राज्याच्या नियामक प्राधिकरणाचं, काम सुरू झालं. त्याने बरंच भलं केलं. कार्पेटची व्याख्या एक झाली, सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना आणि लॉबी विकणं बंद झालं, ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणं सक्तीचं झालं, ताबा लांबला तर व्याजासह परताव्याचा हक्क आला, 5 वर्षांपर्यंतचा बांधकामातला दोष बिल्डरने विनाखर्च दुरुस्त करायचा झाला. घर बुक करण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडून, जमिनीचे दावे आणि बोजे वाचावेत. ही सोय आपल्या आईवडलांच्या पिढीला नव्हती.

तरी कन्व्हेयन्सचा जुना प्रश्न नव्या रूपात परत आला आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष आहे. आज घोडबंदर रस्त्यावर, कल्याण-शिळ पट्ट्यात, पनवेलच्या आसपास एका लेआउटमध्ये पंधरा-वीस टॉवर टप्प्याटप्प्याने उठतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अशा लेआउटमध्ये प्रत्येक टॉवरच्या सोसायटीला त्या इमारतीचा ढाचा मिळतो. जमीन मिळते ती सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेला, आणि तीही लेआउटमधल्या शेवटच्या इमारतीची ओसी आल्यावर, 3 महिन्यांत. शेवटची इमारत कधी, हे ठरवणारा बिल्डर. बाजार मंदावला की तो टप्पा थांबवतो, एफएसआय वाढला की आणखी एक टॉवर सुचतो. पहिल्या टॉवरमध्ये पहिल्या वर्षी घर घेतलेल्या माणसाची जमीन त्या शेवटच्या टॉवरला बांधलेली आहे. 1963 च्या मुदतीत निदान 4 हा आकडा होता.

यावर उपाय कठीण नाही. प्रत्येक टॉवरच्या ओसीबरोबर त्याच्या वाट्याचा जमिनीतला अविभक्त हिस्सा शिखर संस्थेच्या नावे मिळकत पत्रिकेवर चढवता येईल, आणि महारेराच्या नोंदणीतच शेवटच्या इमारतीची तारीख बदलता न येणारी करता येईल. तोवर सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्या सेल्सवाल्याला विचारायचे प्रश्न दोन: या लेआउटमध्ये एकूण टॉवर किती मंजूर आहेत, आणि शेवटच्याची ओसी कोणत्या वर्षी आहे. उत्तर तोंडी घेऊ नये. करारात लिहून मागावं.