व्यसनमुक्ती केंद्राची निवड : आदिलाबाद जिल्ह्यातील कुटुंबांसाठी काही मार्गदर्शक विचार

पेनगंगेच्या दक्षिणेस वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्याचा मराठी मुलखाशी असलेला संबंध जुना आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा या जिल्ह्यातील राजुरा व किनवट हा भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात समाविष्ट झाला. २०१४ साली तेलंगणा राज्य अस्तित्वात आले व २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. बेला, जैनद, तांसी या परिसरातील अनेक घरांचे नातेसंबंध यवतमाळ, नांदेड व चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. त्यामुळे घरात आजारपण आले की एक वाट हैदराबादकडे जाते, तर दुसरी नागपूर-यवतमाळकडे. दारूच्या किंवा अन्य मादक पदार्थांच्या व्यसनावर उपचार करावयाचे झाल्यास यांपैकी कोणती वाट धरावी आणि कोणत्या केंद्रावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न या कुटुंबांपुढे वारंवार उभा राहतो. त्याचा सांगोपांग विचार व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

व्यसन : दुर्गुण नव्हे, व्याधी

व्यसनी मनुष्य मनाने दुबळा किंवा वृत्तीने वाईट असतो, ही समजूत अद्याप दृढ आहे. वैद्यकशास्त्र मात्र व्यसनाधीनतेस उपचारसाध्य व्याधी मानते. सततच्या सेवनाने मेंदूच्या कार्यात बदल घडतात आणि घेणे न घेणे हे माणसाच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यपान करीत होत्या आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक व्यक्तींना मद्यविषयक समस्येसाठी साहाय्याची गरज होती. परंतु मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकास कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाला होता. रुग्णालयात राहून उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक इतके अल्प होते.

दारूबंदीचे प्रयोग या प्रदेशाने अनेकदा पाहिले आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आंध्र प्रदेशात महिलांच्या आंदोलनानंतर १९९५ साली संपूर्ण दारूबंदी आली व १९९७ साली ती उठली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात बंदी होती. बंदीमुळे नवा मनुष्य व्यसनाकडे वळण्यास आळा बसू शकतो. तथापि, ज्याला व्यसन जडले आहे त्याला उपचाराची गरज राहतेच.

एकाएकी सोडण्यातील धोका

कुटुंबाने सर्वप्रथम जाणून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. अनेक वर्षे रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर जीवावर बेतू शकते. शेवटचे सेवन झाल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापणे, घाम, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येण्याचा संभव असतो. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो. घरातील मंडळी यास बाहेरची बाधा समजून भगताकडे धाव घेतात आणि बहुमोल वेळ वाया जातो. ही अवस्था वैद्यकीय उपचाराची आहे. योग्य औषधे व ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार असलेले थायमिन वेळीच दिले गेल्यास रुग्ण बहुधा वाचतो.

तेलंगणात या धोक्यास आणखी एक बाजू आहे. निर्मळ ताडी-शिंदी वेगळी आणि नशा वाढावी म्हणून क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम मिसळलेली ताडी वेगळी. २०१५ साली भेसळीविरुद्ध कारवाई होऊन अशा ताडीचा पुरवठा एकदम तुटला, तेव्हा निजामाबाद जिल्ह्यात व हैदराबादेत फेफरे आणि भ्रमाने ग्रासलेले रुग्ण मोठ्या संख्येने रुग्णालयांत आले. रुग्ण 'फक्त ताडी' पितो, असे डॉक्टरांस सांगून थांबू नये. कोणत्या दुकानाची, किती व किती वर्षे, याचीही माहिती द्यावी. मोहाची दारू, गुडुंबा, विदेशी मद्य, गांजा, झोपेच्या गोळ्या यांपैकी काय घेतले जाते, हेही लपवू नये.

दुसरा धोका चोरून दिल्या जाणाऱ्या औषधाचा. जाहिरातीतील पूड भाजीत कालवून दिल्यास दारू सुटते, असे सांगितले जाते. त्या पुडीत डायसल्फिराम असल्यास आणि रुग्णाने त्यावर दारू घेतल्यास रक्तदाब कोसळून प्राणसंकट ओढवू शकते. हे औषध उपयुक्त आहे, परंतु ते रुग्णाच्या माहितीने, त्याच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

केंद्रे कोणती व कोठे

उपचाराची ठिकाणे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार शासकीय रुग्णालयांचा. आदिलाबाद शहरातील राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच 'रिम्स', हे जिल्ह्यातील रुग्णांचे जवळचे मोठे रुग्णालय होय. हैदराबादेतील एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्था ही सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. सीमेपलीकडे यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर व नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. व्यसन तोडण्याच्या पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी, विशेषतः पूर्वी फेफरे आलेले असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास, असे रुग्णालयच सुरक्षित होय.

दुसरा प्रकार स्वयंसेवी संस्थांनी चालविलेल्या निवासी केंद्रांचा. त्यांपैकी काहींना केंद्र शासनाचे अनुदान मिळते. महाराष्ट्रात या कार्याचा पाया घालणाऱ्या संस्थांत पुण्याच्या 'मुक्तांगण'चा उल्लेख अपरिहार्य आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथे ही संस्था सुरू केली. शरीरातील विषाचा निचरा, गटचर्चा, समुपदेशन, दिनचर्येची शिस्त आणि कुटुंबाचा सहभाग अशी तेथील उपचारांची रचना आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने २०१६ साली सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमाने उपचार गावाच्या जवळ नेण्याचा प्रयत्न केला. आदिवासी भागासाठी हा अनुभव अभ्यासनीय आहे.

तिसरा प्रकार खाजगी केंद्रांचा. यांत उत्तम केंद्रे आहेत, तशीच कोणतीही पात्रता नसता भाड्याच्या घरात थाटलेलीही आहेत. यास्तव पारख आवश्यक ठरते.

माहितीसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीविषयक राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. मानसिक आरोग्याविषयी सल्ला देणारी 'टेलीमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व आशा कार्यकर्ती यांच्याकडेही प्रथम चौकशी करता येते.

कायद्याचे संरक्षण

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ सालच्या मे महिन्यापासून अमलात आला. मद्य व मादक पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश या कायद्याने मानसिक आजारात केला आहे. असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या आस्थापनेस राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावयास मागणे हा कुटुंबाचा हक्क आहे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

स्वतःहून दाखल झालेल्या सज्ञान रुग्णास सामान्यतः स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येते. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसल्यास त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्यास दाखल करता येते. परंतु त्यापूर्वी एका मनोविकारतज्ज्ञाने व आणखी एका पात्र व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासणी करणे आवश्यक असते आणि हा प्रवेश प्रथम ३० दिवसांपुरताच असतो. साखळीने बांधणे, एकांतकोठडीत डांबणे, सक्तीने मुंडण करणे यांस कायद्याने मनाई आहे. 'पैसे भरा, आम्ही घरातून उचलून नेऊ व सहा महिने भेटू देणार नाही' असे सांगणाऱ्या केंद्रापासून दूर राहणेच इष्ट.

अल्प प्रमाणातील मादक पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. यास्तव पोलिसांच्या भयाने उपचार टाळू नयेत.

तुलना कशी करावी

शक्य असल्यास रुग्णास नेण्यापूर्वी घरातील एका जाणत्या व्यक्तीने दोन-तीन केंद्रे प्रत्यक्ष पाहावीत आणि पुढील प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत.

१. नोंदणी कोणाची, कोणत्या वर्षापर्यंतची आहे?
२. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फेफरे आल्यास कोण पाहते व कोणत्या रुग्णालयात नेले जाते?
३. दाखल करताना रक्ताची व यकृताची तपासणी होते काय?
४. समुपदेशक प्रशिक्षित आहेत काय? ते मराठी, तेलुगू किंवा गोंडी यांपैकी रुग्णाची भाषा बोलतात काय?
५. कुटुंबीयांना केव्हा भेटता येते? त्यांच्यासाठी स्वतंत्र सभा होतात काय?
६. स्त्रिया व अल्पवयीन मुले यांची वेगळी व्यवस्था आहे काय?
७. घरी गेल्यानंतर किती महिने पाठपुरावा होतो?

भाषेचा प्रश्न गौण समजू नये. समुपदेशन हे बोलण्यातूनच घडते. उत्नूरकडील गोंड किंवा कोलाम तरुणास ज्या भाषेत मन मोकळे करता येत नाही, त्या भाषेत महिनाभर चाललेली चर्चा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय मोहाच्या फुलाला आदिवासी जीवनात व पूजाविधीत स्थान आहे. त्याचा अवमान न करता व्यसनाविषयी बोलणारा समुपदेशकच विश्वास मिळवू शकतो.

खर्चाची तुलना एकूण रकमेवरून करावी. समजा, एक केंद्र दरमहा ९,००० रुपये घेते, पण सहा महिने राहण्याची अट घालते. दुसरे पाच आठवड्यांचे १८,००० रुपये व औषधांचे ४,००० रुपये सांगते. वरवर पहिले स्वस्त वाटते, परंतु त्याचा खर्च ५४,००० होतो व दुसऱ्याचा २२,०००. त्यात कापूस वेचणीच्या हंगामातील बुडालेली मजुरी धरल्यास अंतर आणखी वाढते. आरोग्य योजना राज्यानुसार वेगवेगळ्या असल्याने सीमेपलीकडे जाण्यापूर्वी आपले कार्ड तेथे चालेल काय, हेही विचारावे. जमीन गहाण टाकून महागडे केंद्र गाठण्यापूर्वी शासकीय रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात एकदा अवश्य जावे. अनेक रुग्णांना दाखल न होताही उपचार घेता येतात.

यशाच्या दाव्यांचीही छाननी करावी. एखादे केंद्र 'नव्वद टक्के यश' सांगते. समजा, तेथून १०० रुग्ण घरी गेले, वर्षाने त्यांतील ४० जणांचाच ठावठिकाणा लागला व त्यांपैकी ३६ जण व्यसनमुक्त आढळले. चाळिसांतील छत्तीस म्हणजे नव्वद टक्के खरे. परंतु शंभरांपैकी खात्री केवळ छत्तिसांची आहे. पुन्हा घसरणारे रुग्ण असतात, हे प्रांजळपणे सांगणारे केंद्र शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्यापेक्षा अधिक विश्वसनीय मानावे.

परत आल्यानंतर

केंद्रातील महिना हा उपचाराचा आरंभ असतो. खरी कसोटी गावात, जुन्या सोबत्यांत, बाजाराच्या दिवशी व लग्नकार्यात लागते. म्हणून दूरच्या नामांकित केंद्रापेक्षा दर पंधरवड्यास जाता येईल असे जवळचे साधारण केंद्र कित्येकदा अधिक उपयोगी ठरते. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली स्वसाहाय्य चळवळ १९५७ पासून भारतात आहे. तिच्या सभांना शुल्क नसते. रुग्ण पुन्हा घसरल्यास त्याची निर्भर्त्सना न करता त्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. मधुमेह बळावला म्हणून कोणी रुग्णास घराबाहेर काढीत नाही. हाच न्याय येथेही लावावयास हवा.

शिक्षकांचे कार्य येथे मोलाचे आहे. वर्गात पेंगणारा, गृहपाठ न करणारा मुलगा रात्री घरातील भांडणामुळे जागा असू शकतो. त्याला शिक्षा करण्यापूर्वी चौकशी केल्यास संपूर्ण कुटुंबापर्यंत मदत पोहोचू शकते. ग्रामपंचायतीने जवळच्या नोंदणीकृत केंद्रांची नावे, उपचारांचे दिवस व उपरोक्त दोन दूरध्वनी क्रमांक दर्शनी फलकावर मराठी, तेलुगू व शक्य तेथे गोंडीत लिहून ठेवावेत. रुग्ण स्वतःच 'मला यातून सुटावयाचे आहे' असे म्हणतो, तो क्षण पुष्कळदा रात्रीचा असतो व सकाळपर्यंत टिकत नाही. त्या क्षणी कोठे जावयाचे, हे घरच्यांना आधीच ठाऊक असले पाहिजे.