धारोष्ण दूध आणि न हटणारा ताप

डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाला एकाएकी भाव येतो. त्याने रक्तातील प्लेटलेट वाढतात, हा समज सर्वदूर पसरला आहे. वैद्यकीय संशोधनाने मात्र तो सिद्ध झालेला नाही. अधिक काळजीची बाब ही, की तापवल्याने गुण जातो असे मानून हे दूध अनेकदा निरसेच प्यायले जाते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत शेळी पाळली जाते ती मुख्यतः मांसासाठी आणि अडीनडीला विकण्यासाठी. दूध बहुधा करडांच्याच वाट्याला जाते. उरलेले विकले गेलेच, तर ते डेअरीच्या तपासणीला न लागता गोठ्यातून थेट घरात येते. शेळी धष्टपुष्ट दिसते, एवढीच काय ती हमी!

ही हमी किती तोकडी, हे माल्टा बेटावर दिसून आले. तेथील ब्रिटिश सैनिकांना दीर्घ ताप येई. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जिवाणू शोधला. पण तो येतो कोठून, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांनी निरोगी दिसणाऱ्या शेळ्या तपासल्या तेव्हा उलगडले. १९०६ मध्ये सैनिकांचे शेळीचे दूध बंद होताच रुग्णसंख्या झपाट्याने घसरली. हाच ब्रुसेलोसिस.

चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी ही त्याची लक्षणे. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागात ती सहज हिवतापाच्या खाती जमा होऊ शकतात. हिवतापाची तपासणी निर्दोष येऊनही ताप हटत नसेल, तर निरसे दूध प्यायल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे. वेळीच निदान झाले तरी उपचार साधारण सहा आठवडे चालतात.

दूध नीट उकळले की हा जिवाणू मरतो. पाश्चरीकरणात तर ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद पुरतात. परंतु पाळणाऱ्यांचा धोका दुधापुरता नाही. शेळी गाभडली की वार आणि मृत करडू उघड्या हातांनी उचलले जाते, आणि जिवाणू सर्वाधिक तेथेच असतात. हातमोजे घालून ते खोल पुरावे आणि पशुवैद्यकाला कळवावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची लस ठरली ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांसाठी. शेळ्या त्यात नव्हत्या.