जबड्यात हाडाची भर घातल्यावर पुन्हा थ्रीडी एक्स-रे कशासाठी?

दाढ काढून वर्ष-दोन वर्षे झाली की इम्प्लांट बसवताना दंतवैद्य सांगतात, "इथे हाड कमी आहे, भर घालावी लागेल." यालाच बोन ग्राफ्ट म्हणतात. भर घातल्यावर काही महिन्यांनी थ्रीडी स्कॅन लिहून दिला जातो. जिंतूर, गंगाखेड, सेलूकडचे रुग्ण शुगर दाखवायला येतात तेव्हा तो कागद पुढे करून विचारतात, "डॉक्टर, हे खरंच लागतं का?" बहुतेक वेळा लागते. कारण समजून घ्या.

साध्या एक्स-रेत काय दिसत नाही?

ओपीजी या सपाट एक्स-रेत जबड्याची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. दात काढल्यावर हाड मात्र आधी रुंदीनेच झिजते. सीबीसीटी यंत्र डोक्याभोवती फिरते आणि काही सेकंदांत जबड्याचे सर्व बाजूंनी चित्र तयार होते. दुखत नाही, फक्त स्थिर राहावे लागते.

स्कॅनमध्ये काय पाहतात?

- रुंदी: साधारण 4 मिमी जाडीच्या इम्प्लांटभोवती सगळीकडून किमान 1 ते 1.5 मिमी हाड हवे.
- खालचा जबडा: ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस किती दूर आहे. इम्प्लांट आणि नस यांत सुमारे 2 मिमी अंतर ठेवतात. नस दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो.
- वरचा जबडा: दाढांवरच्या सायनसच्या पोकळीत भर जागेवर आहे का, तिथे सूज आहे का.

कधी करावा?

एकदा भर घालण्यापूर्वी आणि नंतर साधारण 4 ते 6 महिन्यांनी. सायनसमध्ये भर घातली असेल तर कधी त्याहून उशिरा. सूज, पू किंवा इतर तक्रार नसताना मध्ये वारंवार स्कॅन करण्याची गरज नसते.

पांढरे दिसले म्हणजे हाड धरले का?

नाही. भरीचे दाणे बहुधा पहिल्या दिवसापासूनच पांढरे दिसतात. स्कॅन आकार आणि जागा सांगतो. त्यात जिवंत हाड किती तयार झाले हे खात्रीने सांगत नाही. ते इम्प्लांटसाठी छिद्र घेताना दंतवैद्याच्या हाताला कळते. शिवाय धातूच्या कॅपजवळ चित्र अस्पष्ट येते.

किरणांची भीती?

फक्त लागेल तेवढ्याच भागाचा स्कॅन केला, तर निसर्गातून काही दिवसांत ते काही आठवड्यांत मिळतात साधारण तेवढीच किरणे लागतात. गर्भवती असाल तर आधी सांगा. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

स्कॅनपेक्षाही महत्त्वाचे

अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू, गुटखा, बिडी यांनी भर वाया जाऊ शकते. भर घालण्यापूर्वी एचबीएवनसी तपासून घ्या. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेतले असेल, तर दंतवैद्याला नक्की सांगा. या औषधांमुळे जबड्याची जखम भरण्यात अडचण येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.

नुसत्या रिपोर्टवर थांबू नका, स्कॅनची सीडी किंवा फाइल मागून घ्या. दुसऱ्या दंतवैद्याचा सल्ला घ्यायची वेळ आली, तर नवा स्कॅन, खर्च आणि किरणे तिन्ही वाचतील.