पलटणीच्या गावातली रामलीला

परभणीहून पूर्णेमार्गे अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वसमतच्या पुढे ‘हिंगोली डेक्कन’ स्टेशन लागतं. १ मे १९९९ पर्यंत हा मुलूख परभणी जिल्ह्यातच होता. जिल्हा वेगळा झाला, तरी नवरात्रात परभणीकरांची पावलं हिंगोलीच्या रामलीला मैदानाकडे वळतातच.

मैदानावर जाण्याआधी गावातून एक फेरफटका मारावा. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा ही इथल्या वस्त्यांची नावं. निजामाच्या राज्यातलं हे मोठं लष्करी ठाणं; हैदराबाद कंटिंजंटचा तळ इथे होता. या फौजेत उत्तरेकडच्या शिपायांचा भरणा मोठा. चाकरी संपल्यावर त्यातले कितीतरी जण गावी परतले नाहीत, इथेच घरं बांधून राहिले. १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली, पण वस्त्यांची नावं राहिली.

आणि राहिला दसरा. खाकीबाबा मठाचे महंत मानदास महाराज यांनी १८५५ मध्ये, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्या दोनच वर्षं आधी, हा उत्सव सुरू केला. उत्तरेतली माणसं जिथे जातात तिथे रामलीला नेतात. मराठवाड्याचा राम मात्र एकनाथांच्या भावार्थ रामायणातला, कीर्तनातला. त्याच्या शेजारी तुलसीदासांचा राम इथे येऊन बसला आणि कुणालाही परका वाटला नाही, हे मला या मैदानाचं सर्वांत मोठं वैभव वाटतं.

रामलीलेत केवटाचा प्रसंग जरूर पाहावा. एरवी युद्धाला टाळ्या पडतात. इथे सारं मैदान कान देऊन ऐकतं. तुमच्या पायाच्या धुळीने दगडाची बाई झाली, माझी लाकडी नाव तर माझं पोट आहे, पाय धुतल्याशिवाय चढू देणार नाही, असा नावाड्याचा हट्ट. पेटीवर चौपाई चालू असते, संवाद हिंदीत असतात, आणि सतरंजीवर बसलेली आजी नातवाला हळूच मराठीत अर्थ सांगत असते. गोदाकाठच्या माणसाला नावाडी समजावून सांगावा लागत नाही, तरी ती सांगते.

बाहेर कृषी व औद्योगिक प्रदर्शन, आकाशपाळणे, खेळण्यांची दुकानं असतात. त्यांनी गर्दी वाढते, रोजगारही मिळतो; पण भोंग्यांचा आवाज चौपाईवर चढतो तेव्हा जीव तुटतो. खेळाच्या दोन तासांपुरते तरी ते भोंगे बंद ठेवायला हवेत.

दसऱ्याच्या रात्री रावणदहनाला पंचक्रोशी लोटते. मुलांना घेऊन जायचं तर उजेडीच पोहोचावं. खरी रामलीला पाहायची असेल तर मात्र तिसऱ्या-चौथ्या माळेची रात्र बरी, पुढे बसायला जागा मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी औंढ्याला नागनाथाचं दर्शन किंवा नामदेवांची नर्सी, दोन्ही जवळच आहेत.